नळाआधी नळी

घरी बनवलेली बिअर बाटल्यांत न भरता केगमधून थेट ग्लासात घ्यायची, ही सोय अमेरिकेतल्या हौशी बिअरकरांना मिळाली ती शीतपेय कंपन्यांनी मोडीत काढलेल्या केगमुळे. कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून 'कॉर्नी' म्हटले जाणारे हे उंच, सडपातळ, स्टेनलेस स्टीलचे केग ५ अमेरिकन गॅलनचे, म्हणजे जवळजवळ १९ लिटरचे असतात. कोक आणि पेप्सीचा पाक हॉटेलांपर्यंत पोचवण्यासाठी ते बनले होते. पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यात बसणारी प्लास्टिकची पिशवी आली. ती रिकामी झाली की फेकून देता येई, धुऊन परत आणायचा खर्च वाचे. १९९०च्या दशकात हे केग ढिगाने बाजारात आले आणि फार थोड्या पैशांत मिळू लागले. गिऱ्हाईक तयारच होतं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने १ फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर बनवण्याला केंद्राची मोकळीक मिळाली होती : एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे मागून बदलत गेले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३मध्ये त्यात सामील झाली.

आज मोडीतले केग पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाहीत, नवे केग मात्र सहज मिळतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याची मांडणी बहुतेक सारखीच असते : जुना फ्रीज, त्यात एक-दोन केग, एक गॅसचा सिलिंडर, आणि चार-पाच फूट पारदर्शक नळीच्या टोकाला अंगठ्याने दाबायची काळी प्लास्टिकची तोटी. बिअर निघते, पण ग्लास अर्धा फेसाने भरतो. पहिला ग्लास कोमट, शिळ्या चवीचा लागतो. दर वेळी फ्रीजचं दार उघडावं लागतं. मग शंभर-दीडशे डॉलर बाजूला काढून ही मांडणी सुधारायचं ठरतं आणि बहुतेक जण पहिली खरेदी करतात चकचकीत नळाची. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. घरच्या केगमधली बिअर बिघडते ती न दिसणाऱ्या जागी, म्हणजे नळीत, वायसरात, फ्रीजच्या वरच्या थरातल्या हवेत. पैसाही आधी तिथेच जायला हवा.

फेसाचं कोडं सुटल्याशिवाय बाकी काहीच ठरवता येत नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करू. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३मध्ये मांडलेला नियम इथे रोज कामाला येतो : ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरतं. बिअर ३ ते ४ अंश सेल्सियसला ठेवली आणि केगवर १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब कायम राहू दिला, की आठवडा-दोन आठवड्यांत एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळून स्थिर होतो. अमेरिकन पेल एलला एवढं प्रमाण शोभतं. इंग्लिश बिटरला कमी लागतं, गव्हाच्या बिअरला जास्त. तापमान वाढलं की तेवढाच वायू धरून ठेवायला जास्त दाब लागतो. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांना दर २,००० फुटांमागे अंदाजे १ पीएसआय वाढवावा लागतो, कारण सिलिंडरवरच्या दाब-नियंत्रकाचा, म्हणजे रेग्युलेटरचा, काटा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. डेन्व्हरमध्ये बसून न्यू जर्सीच्या मित्राचा आकडा लावला तर बिअर थोडी बसकी लागणारच.

आता हा १२ पीएसआयचा दाब केगपासून ग्लासापर्यंत कुठेतरी संपला पाहिजे. नळाच्या तोंडाशी तो शिल्लक राहिला तर बिअर जोरात उसळते, विरघळलेला वायू सुटतो आणि फेस होतो. दाब संपवण्याचं काम नळी करते, आतल्या भिंतीच्या घर्षणाने. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितका अडथळा जास्त. थोडा वाटा चढणीचा असतो : नळ केगच्या मध्यापेक्षा जितके फूट वर, तितका अर्धा-अर्धा पीएसआय.

इथेच दुकानात मिळणाऱ्या तयार संचांची गफलत होते. व्यावसायिक तक्त्यांत ३/१६ इंच आतल्या व्यासाच्या नळीला फुटामागे ३ पीएसआय अडथळा लिहिलेला असतो. त्या हिशेबाने १२ पीएसआयला चार फूट नळी पुरते आणि संचात ती तेवढीच येते. पण बारमध्ये सेकंदाला दोन औंस, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर वेग अपेक्षित असतो, आणि त्या वेगाने येणारी बिअर सांभाळायला तिथे थंड नळी, थंड नळ आणि सराईत हात असतो. घरी यातलं काही नसतं. घरच्या नळाला संथ वेग मानवतो. वेग कमी असला की त्याच नळीचा फुटामागचा अडथळाही कमी भरतो, त्यामुळे लांबी आणखी वाढवावी लागते. घरच्या वापरात १२ पीएसआयला ३/१६ इंची नळी दहा फूट, म्हणजे तीन मीटर लागते, हा अनुभवाने पक्का झालेला आकडा आहे. तक्त्यापेक्षा तो अडीच पट आहे म्हणून लोक बिचकतात. बिचकण्याचं कारण नाही. नळी जास्त लांब झाली तर ग्लास भरायला चार-पाच सेकंद जास्त लागतात, एवढंच. आखूड झाली तर बिअर वाया जाते.

फेसावर सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे बिअर काढताना दाब ५-६ पीएसआयवर आणायचा. माझ्या मते नव्या माणसाला दिला जाणारा हा सर्वांत वाईट सल्ला आहे. पहिल्या संध्याकाळी तो चालतो. पण दाब तसाच राहिला तर हेन्रीचा नियम उलट्या दिशेने काम करू लागतो : बिअर जास्तीचा वायू सोडून देते, नळीत बुडबुड्यांच्या पोकळ्या तयार होतात, आणि दोन-तीन दिवसांनी फेसही तेवढाच येतो आणि बिअरही बसते. दाब बिअरच्या स्वभावाप्रमाणे ठरवायचा आणि नळी त्या दाबाला जुळवायची. उलट नाही.

म्हणून पहिले दहा-पंधरा डॉलर नळीवर. इथे गेल्या काही वर्षांत खरी सुधारणा झाली आहे. जुनी व्हिनाइलची नळी स्वस्त, पण तिच्यातून प्राणवायू आत झिरपतो, आणि चार दिवस नळीत थांबलेल्या बिअरचा पहिला घोट प्लास्टिकची आणि जुन्या पुठ्ठ्याची चव घेऊन येतो. मेलबर्नच्या केगलँड कंपनीने हौशी लोकांत रुळवलेली दुहेरी थराची 'ईव्हाबॅरिअर' नळी प्राणवायू बराच रोखते आणि चवही धरत नाही. तिचा आतला व्यास ४ मिलिमीटर, ३/१६ इंच म्हणजे ४.७६. फरक किरकोळ दिसतो, पण नळीचा अडथळा व्यासाच्या चौथ्या-पाचव्या घाताने बदलतो. हिशेब केला तर ४ मिलिमीटरच्या नळीचा अडथळा दुपटीहून जास्त निघतो. म्हणजे तीन मीटरच्या जागी दीड-दोन मीटर पुरते, नळीत अडकून राहणारी बिअरही कमी, आणि धुवायला लागणारं पाणीही. नळी कडक असल्याने जुन्या काटेरी जोडांवर ती चढवणं जिवावर येतं, त्यासाठी दाबून बसवायचे जोड घ्यावे लागतात. तो खर्च धरूनही याच्याइतका फरक पाडणारी दुसरी खरेदी या सगळ्या यादीत नाही. सिलिकॉनची मऊ नळी मात्र कितीही सोयीची वाटली तरी गॅसला आणि बिअरला वापरू नये. तिच्यातून वायू आरपार जातो.

दुसरा प्रश्न थंडाव्याचा, आणि इथे दोन पंथ आहेत. एक उभ्या फ्रीजचा, दुसरा आडव्या डीप फ्रीझरचा. उभ्या फ्रीजमध्ये केग आत सरकवणं सोपं असतं. भरलेला केग तेवीस-चोवीस किलोचा होतो, तो फ्रीझरच्या काठावरून उचलून आत सोडताना कंबर आठवण करून देते. पण उभ्या फ्रीजचं दार उघडलं की थंड हवा जमिनीवर ओतली जाते, आडव्याचं झाकण उघडलं तर ती खाली बसून राहते. आडव्यात केग जास्त मावतात, वीज कमी लागते, आणि आतल्या कोपऱ्यात कॉम्प्रेसरवरची जी पायरी असते तिच्यावर गॅसचा सिलिंडर नेमका बसतो. ज्याला दोनच केग ठेवायचे आहेत आणि ज्याच्याकडे चालू फ्रीज आधीच आहे, त्याने आडव्याच्या मागे लागू नये. तीन-चार केगांचा विचार असेल तर वापरलेला आडवा फ्रीझर शोधावा. घर बदलणारे लोक तो अगदी कमी पैशांत देऊन टाकतात.

आडव्या फ्रीझरला भोकं कुठे पाडायची यावर एकच उत्तर आहे : भिंतीत अजिबात नाही. त्याच्या चारही भिंतींत शीतक वायूच्या नळ्या फिरवलेल्या असतात, ड्रिलचं एक टोक लागलं की फ्रीझर संपला. नव्या यंत्रांत बऱ्याचदा आयसोब्युटेन असतो, तो ज्वलनशील आहे, म्हणजे प्रश्न केवळ नुकसानीचा राहत नाही. म्हणून झाकण काढून काठावर सहा-आठ इंच उंचीची लाकडी चौकट बसवतात, झाकणाच्या बिजागऱ्या त्या चौकटीवर लावतात आणि नळांसाठी भोकं लाकडात पाडतात. सिलिकॉनचा थर, दाराच्या फटीला लावायची स्पंजची पट्टी आणि आतून थर्मोकोलसारखा उष्णतारोधक तक्ता, एवढ्यावर हे काम भागतं. साधारण सुतारकाम येणाऱ्याला एक सुट्टी पुरते. उभ्या फ्रीजच्या दारात सहसा नळ्या नसतात, तरी आधी खात्री करावी. लहान फ्रीजच्या माथ्यावर नळाचा स्तंभ बसवायचा असेल तर हौशी लोकांची एक जुनी युक्ती आहे : मक्याचं पीठ आणि अल्कोहोल यांची पातळ पेज पृष्ठभागावर फासून फ्रीज चालू करायचा. खालून गरम नळी जात असेल तिथली पेज आधी वाळते आणि नळीचा मार्ग पांढरा उमटतो. पेज फासताना जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, हे सांगायला हवंच.

फ्रीझर शून्याखाली जाण्यासाठी बनलेला असतो, त्याला ४ अंशांवर थांबवायला बाहेरचा तापमान-नियंत्रक लागतो. पूर्वी त्यासाठी तारांची जोडणी स्वतः करावी लागे. आता इंकबर्डच्या आयटीसी-३०८सारखा, सरळ प्लगमध्ये खोचायचा नियंत्रक सुमारे ३५ डॉलरमध्ये मिळतो. त्याचा संवेदक हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो आणि यंत्र झिजतं. संवेदक केगच्या अंगाला चिकटवून वरून स्पंजचा तुकडा बांधावा, म्हणजे तो बिअरचं तापमान वाचतो. चढ-उताराची मुभा एक अंशाची आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान तीन मिनिटांचा खंड ठेवावा.

एवढं करूनही पहिला ग्लास फेसाळतो तेव्हा दोष वरच्या थरातल्या हवेचा असतो. आडव्या फ्रीझरमध्ये तळाला ४ अंश असताना चौकटीच्या उंचीवर हवा बरीच उबदार असते, आणि नळ व त्याची दांडी नेमकी तिथे. थंड बिअर गरम धातूला लागली की वायू सुटतो. जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि घरात पडून असलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर एवढ्याने हा प्रश्न सुटतो. पंखा तळाशी ठेवून हवा वर फेकायची. स्तंभ असेल तर पंख्याला जोडलेली नळी स्तंभात वरपर्यंत न्यायची. जवळजवळ फुकटात होणारी ही सुधारणा मी महागड्या नळापेक्षा कितीतरी वर ठेवतो. ४ अंशांवर चालणाऱ्या फ्रीझरमध्ये दमटपणा साचून तळाला पाणी जमतं आणि पत्रा गंजतो. ओलावा शोषणारा, वाळवून पुन्हा वापरता येणारा डबा आत ठेवला की तेही थांबतं.

आता नळ. प्लास्टिकची तोटी वाईट नाही. ती नीट सुटी करून धुतली आणि नळी लांब असली, तर तिच्यातून येणारी बिअर उत्तमच असते. गैरसोय एवढीच की दर वेळी दार उघडावं लागतं. बाहेर नळ काढायचाच असेल तर जुन्या पद्धतीचा, क्रोमचा मुलामा दिलेला पितळी नळ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. त्यातली झडप मागच्या बाजूला बंद होते. नळ बंद केल्यावर पुढच्या भागात उरलेली बिअर हवेत वाळते, दांडा चिकटतो, बुरशी धरते, आणि मुलामा झिजला की पितळ उघडं पडून बिअरला धातूची चव येते. झडप पुढे, तोंडाशीच बंद होणारा नळ आतली बिअर हवेपासून दूर ठेवतो. मिलवॉकीच्या पर्लिक कंपनीचे असे नळ हौशी लोकांत बरीच वर्षं चालत आले आहेत, केगलँडचा 'नूकाटॅप' मागून आला. स्टेनलेस स्टीलचा असा नळ तीस ते पन्नास डॉलरला पडतो. दोन पितळी नळांऐवजी असा एक घ्यावा आणि दुसऱ्या केगला काही महिने प्लास्टिकची तोटी राहू द्यावी.

प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या खटक्याचे नळही मिळतात, आणि ते घेतले की नळीची लांबी बघायला नको असं त्यांचे चाहते सांगतात. हे अर्धं खरं आहे. आखूड नळीचा सगळा दाब नळातल्या एका चिंचोळ्या फटीत संपवायचा म्हणजे त्या फटीत थोडाफार वायू सुटणारच. एकाच नळातून आज गव्हाची बिअर आणि पुढच्या महिन्यात बिटर काढणाऱ्याला तो खटका उपयोगी पडतो. ज्याची बिअर बहुधा एकाच जातीची असते, त्याचं काम दोन मीटर नळी स्वस्तात करते.

गॅसच्या बाजूला खर्च कमी आणि काळजी जास्त. २.२७ किलोचा, म्हणजे ५ पौंडांचा सिलिंडर घरच्या वापराला पुरतो. एका केगला विरघळायला आणि बिअर बाहेर ढकलायला मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास वायू लागतो, तेव्हा डझनभर केग तरी एका भरणीत निघायला हवेत. निघत नसतील तर गळती आहे. प्रत्येक कॉर्नी केगमध्ये पाच रबरी वायसर असतात : झाकणाचा एक, दोन खुंट्यांवर दोन आणि आतल्या दोन नळ्यांच्या गळ्याशी दोन. जुना केग घेतला की पाचही बदलावेत, खाद्यपदार्थांना चालणारा सिलिकॉनचा लेप बोटाने लावावा, आणि झाकण नीट बसावं म्हणून एकदा ३० पीएसआय दाब द्यावा. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारावं. रिकाम्या केगवर दाब देऊन सिलिंडरची झडप बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी काटा बघावा. भरलेल्या, अजून वायू पिणाऱ्या केगवर ही परीक्षा फसते, कारण तिथे काटा गळतीशिवायही उतरतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यात नायलॉनचा वायसर असतो, अमेरिकन सिलिंडरमध्ये तोच सील करतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही.

सिलिंडरकडचा काटा किती गॅस उरला हे सांगत नाही. आत वायू द्रवरूपात असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब केवळ तापमानावर चालतो : २० अंशांना ८०० पीएसआयच्या पुढे, ४ अंशांना ५५०च्या आसपास. सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवल्यावर काटा उतरलेला पाहून लोक घाबरून भरून आणायला धावतात. वजनकाटा हा एकच खरा मापक. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. वापरलेला सिलिंडर घेताना तिथेच शेवटच्या दाब-चाचणीची तारीखही बघावी. अमेरिकेत ती दर पाच वर्षांनी करावी लागते आणि मुदत टळलेला सिलिंडर दुकानदार भरून देत नाही.

सुरक्षिततेबद्दल या छंदात पुरेसं बोललं जात नाही, आणि मला ते खटकतं. त्या लहानशा सिलिंडरमधला सगळा वायू बाहेर पडला तर तो सुमारे १.२ घनमीटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब, तीन रुंद आणि २.४ मीटर उंच बंद खोलीत त्याचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातं. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा अर्धा टक्का आहे आणि चार टक्के म्हणजे जिवाला तत्काळ धोका. वायू हवेपेक्षा जड असल्याने तो आधी खाली साचतो, तळघरात जिथे मुलं खेळतात आणि कुत्रं झोपतं तिथे. तळघरात मांडणी असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा अलार्म घ्यावा. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी घरात आधीच लावलेला अलार्म हे काम करत नाही. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा. आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. केगच्या झाकणावरची दाब सोडणारी झडप कधीही बुजवू नये. बजेट कितीही आवळलेलं असो, या परिच्छेदातला खर्च त्यातून कापू नये.

धुण्याचा खर्चही नगण्य आहे, आळसाचा मात्र मोठा. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनच्या मार्गदर्शक पुस्तिकेत बारसाठी दर १४ दिवसांनी नळ्या अल्कलीच्या द्रावणाने धुवाव्यात आणि दर तिमाहीला आम्लाने, असं सांगितलं आहे. अल्कली चिकटा आणि यीस्ट काढते, आम्ल कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा. घरी इतकं काटेकोर जमलं नाही तरी दर केगला एकदा नळी आणि नळ धुतलाच पाहिजे. कारंजाचा किंवा मत्स्यालयाचा छोटा पंप बादलीत सोडून गरम द्रावण पंधरा मिनिटं नळीतून फिरवलं की काम होतं. तीव्र अल्कली हाताळायची नसेल तर सोडियम परकार्बोनेटची, वासविरहित कपडे धुण्याची पावडर साध्या मळाला पुरते. स्टीलच्या केगला ब्लीच नको, क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

काही गोष्टींवर पहिल्या वर्षी पैसे घालू नयेत. नायट्रोजनचा नळ ही त्यातली सर्वांत मोहक. गिनेसने १९५९मध्ये नायट्रोजनवर चालणारी ड्राफ्ट बिअर आणली तेव्हापासून स्टाउटच्या साईसारख्या फेसाची ओढ सगळ्यांना आहे. पण त्याला तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर, ३० पीएसआयच्या वर दाब आणि बारीक छिद्रांच्या चकतीचा खास नळ लागतो. म्हणजे एका बिअरसाठी अख्खी दुसरी मांडणी. कोरीव दांडे, दिव्यांचे स्तंभ यांच्याबद्दल वेगळं लिहायला नको. तरंगती नळी मात्र मी सुचवेन. केगच्या तळापासून गाळ ओढण्याऐवजी ती वरच्या थरातली निवळ बिअर उचलते, थोडक्या पैशांत येते आणि पहिल्या ग्लासापासून फरक दिसतो.

जुना केग घेताना कोणत्या कुळातला हे पाहून घ्यावं. पेप्सीचे केग गोल बॉल-लॉकचे, उंच आणि बारीक, कोकचे खुंटीच्या पिन-लॉकचे, त्यांच्या तुलनेत बुटके आणि जाड. दोन्हींचे जोड एकमेकांना बसत नाहीत. फ्रीझरची आतली उंची मोजल्याशिवाय निवड करू नये. एका घरात एकच कूळ ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर दर सुट्ट्या भागाचे दोन-दोन संच घ्यावे लागतात.

हे सगळं वाचणारे मराठी वाचक न्यू जर्सी, बे एरिया, सिॲटल किंवा मेलबर्नला असतील तर प्रश्न नाही, आपापल्या राज्याचा नियम बघावा आणि कामाला लागावं. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तिथे ताज्या बिअरची आवड परवानाधारक मायक्रोब्रुअरीत भागवावी लागते. २००९मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात ती वाट खुली झाली. पण केग, नळी आणि नळ यांना बिअरच लागते असं नाही. हीच मांडणी सोड्याला चालते, आणि घरचं कोकम किंवा लिंबाचं सरबत आयत्या वेळी सोड्यात मिसळायची चैन पुण्या-मुंबईतही कायद्याच्या आत बसते. सोड्याला ४ अंशांवर ३० पीएसआयच्या आसपास दाब हवा, त्यामुळे नळी बिअरच्या दुपटीहून लांब घ्यायची किंवा प्रवाहाच्या खटक्याचा नळ वापरायचा. त्या नळाची शिफारस मी मनापासून करतो ती इथेच.

पैशांचं गणित मग असं बसतं. पन्नास डॉलरच असतील तर नळी आणि तिचे जोड, वायसरांचा संच, लेप, परकार्बोनेट, आणि जुना पंखा. अलार्म नसेल तर तो याच्याही आधी. शंभर डॉलर आणखी जमले तर तापमान-नियंत्रक आणि पुढे बंद होणारा एक स्टीलचा नळ, दांडीसकट. त्यापुढचे पैसे वापरलेल्या फ्रीझरवर आणि चौकटीच्या लाकडावर. दुसरा केग आला म्हणून लगेच दुसरा रेग्युलेटर घ्यायला नको. गॅसच्या नळीत एक टी-जोड आणि बिअर उलटी येऊ नये म्हणून प्रत्येक फाट्यावर एकदिशा झडप बसवली की एकाच दाबावर दोन-तीन केग चालतात. दुसरा रेग्युलेटर लागेल तो बिअरच्या शेजारी सोड्याचा केग ठेवाल तेव्हा.